काकूंची जाफरी

"पुरे तेवढं," असं म्हणून काकू भांड्यावर हात आडवा धरायच्या. ताक घाला, निवडलेले तांदूळ ओता, घरचं कढवलेलं तूप द्या. भांडं अर्ध्यावर आलं की चुलीच्या धगीने रापलेला तो हात मध्ये यायचाच. ताक हातावर सांडलं तरी हात हलत नसे. सुरुवातीला मला वाटे, संकोच असेल. मग वाटलं, मानीपणा. त्या नुसत्या थकलेल्या होत्या, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. जास्त घेतलं की जास्त सांभाळावं लागतं, आणि सांभाळायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांना काही कमी आहे असं कुणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं आणि गावात घरांपेक्षा भातखाचरं जास्त होती. आमचे घरमालक आगरी. त्यांनी स्वतःच्या शेताच्या कडेला बैठ्या खोल्यांची एक ओळ बांधली होती. पुढे ओटा, मागे लांबच लांब परसू, मध्ये नावापुरती तार. पाहुणे पुढच्या दाराने येत, पण संसार मागच्या बाजूला चाले. धुणी, भांडी, पापड, भांडणं, पोरांच्या आंघोळी, सगळं परसात. कुणाच्या घरी आज काय शिजलं हे कुणाला विचारावं लागत नसे.

काकू शेवटच्या खोलीत एकट्या राहत. माझी खोली त्यांच्या शेजारची. सासरची माणसं कोकणात, आणि ती फक्त कुणी गेलं तर कळवत. लाल आलवण, हातात काही नाही, डोकं कायम झाकलेलं. लहानपणीच नवरा गेला होता आणि पुढे रीतीप्रमाणे केस काढले होते. त्या सोवळ्यातला स्वयंपाक करून पोट भरत. श्राद्धपक्ष, महालय, कुणाचं वर्षश्राद्ध असलं की आळीतले भटजी काकूंचं नाव सुचवत. काकू पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्याने त्या घरी जायच्या आणि दुपारी पानं उठली की तशाच मुकाट परत यायच्या.

दर पंधरा दिवसांनी एक म्हातारा न्हावी वाटी-वस्तरा घेऊन त्यांच्या परसात यायचा. आळी उठायच्या आत काम उरकून जायचा. एका वर्षी तो वारला. त्याच्या मुलाने स्टेशनाजवळ सलून काढलं. भिंतभर आरसे, फिरती खुर्ची, दारावर रंगीत पाटी. घरोघरी वाटी घेऊन फिरायची त्याला लाज वाटे. आणि काकू काही त्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसणार नव्हत्या.

पुढे काय झालं याचा मी विचारच केला नाही. माझ्या मागे तीन मुलं, दोन दीर आणि घरची सगळी व्यवस्था होती. यादी केल्याशिवाय मला सुचत नाही; कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे माझ्या याद्या असतात. आमच्याकडचे म्हणत, "ही चितेवर चढायच्या आधीसुद्धा सरपणाची यादी तपासेल." त्या याद्यांत काकूंचे केस कुठे बसणार?

माझ्या लक्षात आलं ते त्यांचं पडसं. ते जाईचना. एका घरी श्राद्धाचे वडे तळताना त्यांना शिंकांवर शिंका आल्या, आणि त्या घरची थोरली सून तोंडाला पदर लावून उभी राहिली, हे आळीभर झालं. मी आल्याचा काढा करून घेऊन गेले.

"काकू, हे कधीपासूनचं चाललंय? डोकं पुसत नाही का नीट?"

"पुसते की."

"मग?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "पुसून वाळत नाही गं आता."

मला उमगलं नाही. त्यांनी उठून दार लोटलं आणि डोक्यावरचं आलवण मागे सारलं. बोटभर वाढलेले केस होते. करडे, ओले, डोक्याला चिकटलेले, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचे असतात तसे.

"न्हावी येत नाही ना," त्या म्हणाल्या. दूधवाला येत नाही म्हणून सांगावं, त्या सुरात.

"दुसरा कुणी नाही मिळाला?"

"मिळाला. कल्याणचा एक तयार होता. मीच म्हटलं, पुढच्या पंधरवड्यात ये. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या." त्यांनी काढ्याचा घोट घेतला. "कंटाळा आला गं. इतकी वर्षं मान खाली घालून बसायचं. तो फिरवील तसं डोकं फिरवून द्यायचं. एक दिवस नको वाटलं. मग नकोच वाटलं."

यात बंड वगैरे काही नव्हतं. सुधारणेची भाषणं काकूंनी ऐकलेली नव्हती आणि ऐकवली असती तर त्यांना तिथेच डुलकी लागली असती. पण अडचण खरी होती. केस असलेल्या विधवेच्या हातचं पितरांना पोचत नाही असं मानणारी घरंच त्यांना बोलावत. डोक्यावरचा पदर सरकला की त्यांची चूल बंद, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. शिवाय डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय सोवळं होत नाही, आणि दिवसभर पदराखाली ओले राहिलेले केस म्हणजे पडसं, शिंका आणि शेवटी संशय.

म्हणजे केस वाळवायला हवेत. त्याला ऊन हवं, वारा हवा आणि माणसं नकोत. आमच्या परसात पहिल्या दोन गोष्टी भरपूर होत्या.

बांबूचा तट्ट्या लावायचा विचार आधी सुचला आणि आधीच सोडला. तट्ट्या दिसला की आळी विचारणार, आत काय आहे? शिवाय ऊन अडतं ते वेगळंच. लाकडी जाफरीचं तसं नाही. तिच्यातून सगळं दिसतंय असं बाहेरच्याला वाटतं, म्हणून कुणी डोकावत नाही. वर वेल चढवला की झालं. काकूंच्या मागच्या दारापासून कोपऱ्यातल्या धुण्याच्या दगडापर्यंत काटकोनात जाफरी घालायची आणि कुणी विचारलं तर सांगायचं, घोसाळी लावायची आहेत. मी लगेच यादी केली.

घरमालकांना विचारायला काकू स्वतः गेल्या. ते ओट्यावर विडी ओढत बसले होते.

"येल लावाचा हाय ना काकी? लाव की! फकस्त माज्या भितीला खिला मारू नको." आणि खळ्यावरच्या मोडक्या मांडवाचे वासेही त्यांनी आणून टाकले. वर म्हणाले, "घोसाली झाली का मना पन धाड."

पट्ट्यांसाठी मी आळीतून आंब्याच्या रिकाम्या पेट्या गोळा केल्या. मे संपत आला होता. कुणाकडे पेटी आली आणि कुणी बाजारातून सुटे आंबे आणले, हे आळीत सगळ्यांना पाठ असे, त्यामुळे कुठे जायचं आणि कुठे चुकूनही जायचं नाही, हे मला ठरवून ठेवता आलं. तरी एका घरात ऐकावं लागलंच, "पेटी सरपणाला ठेवलीय हो. घोसाळ्यांना एवढा थाट कशाला?"

जाफरीचं काम आम्ही दुपारी करायचो, जेवणं उरकल्यावर. वाशांच्या टोकांना वाळवी लागू नये म्हणून डांबर फासलं. वासे पुरून उभे केले. पण पेटीची लाकडं हलकी आणि वाळकी. खिळा टोकाला मारला की पट्टी उभी चिरत जाई. पहिल्या दुपारी जोडल्या त्याहून जास्त पट्ट्या मोडल्या. काकू मोडलेली पट्टी उचलत, बघत, चुलीजवळच्या ढिगात टाकत आणि दुसरी घेत. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजत घालून बघितल्या, तेव्हा जरा जमलं.

मी कागदावर आखून दिलं होतं. सगळ्या पट्ट्या तिरप्या, सगळी भोकं सारखी. काकूंनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि बोटांनी मापून ठोकायला लागल्या. सुरुवातीची भोकं दोन बोटांची झाली. ऊन कलेपर्यंत ती तीन बोटांची झाली.

"काकू, मी आखून दिलंय ना? सगळीकडे सारखं अंतर."

"तुझ्या कागदाला दुपारी झोप येत नाही," त्या म्हणाल्या. "मला येते."

जाणारे-येणारे थट्टा करत. "काय काकू, राजवाडा बांधताय की काय?"

"घोसाळ्यासाठी."

"बाई बाई! घोसाळ्याचे लाडच चाललेत की!"

"मग करायचे कुणाचे?" काकू तोंडात खिळा धरून म्हणाल्या. 

जाफरी झाली ती जरा कललेली, एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ. मला रोज ती सरळ करावीशी वाटे. पण वेल चढला तशी ती झाकली गेली. घोसाळ्याची पानं चांगली हाताएवढी होतात, आणि श्रावणापर्यंत तर हिरवी भिंतच उभी राहिली. आता एक नवी भानगड होती. घोसाळी लागली की मागायला बायका येणार, आणि आल्या की जाफरीच्या आत शिरणार. तेव्हा मी सकाळीच घोसाळी काढून घरोघर पोचवायला सुरुवात केली. न मागता मिळालेली वस्तू मागायला कोण येतं? त्या वर्षी आळीने घोसाळ्याची भजी, घोसाळ्याचं भरीत, घोसाळ्याची भाजी इतकी खाल्ली, की पुढे पुढे मला येताना बघून लोक दार लोटून घेऊ लागले. थंडीत घोसाळी वाळली, तिथे आम्ही वाल चढवला.

दुपारी काकू पालथ्या पाटावर जाफरीच्या आत बसत. मी माझ्या बाजूला तांदूळ निवडत बसे. भोकांतून त्यांचा चेहरा सबंध कधी दिसत नसे. कधी एक डोळा, कधी हनुवटी, कधी कानामागे सारलेली बट. आम्ही फारसं बोलत नसू. बोलायला दोघींनाही सवड होती, जोर नव्हता.

"कसं वाटतंय काकू?"

"गरम."

कधी त्या बसल्या बसल्या पेंगत. मग मी मुलांना तिकडे फिरकू द्यायची नाही. मोसम दोनदा फिरून आला. पडसं गेलं. केस मानेवर आले, मग खांद्यावर. बाहेर निघताना काकू ते दोन्ही हातांनी गोळा करून पदराखाली कोंबत आणि वरून आलवण घट्ट ओढून घेत. भटजींकडून बोलावणी येत राहिली, काकू स्वयंपाक करत राहिल्या, आळीतले पितर जेवत राहिले. कुणाच्या पितरांनी तक्रार केली नाही.

मग शेजारच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी घर बांधायला काढलं. विटा आल्या, वाळू आली, धूळ आली. वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंट बसतं म्हणून मी दोनदा जाऊन भांडलेसुद्धा. घर आमच्या डोळ्यांदेखत रोज चढत होतं. तळमजला झाला, वर माडी झाली, माडीला मागच्या बाजूने गॅलरी आली. आणि तरी आमच्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, की जाफरी बाजूने झाकते, वरून झाकत नाही. वर बघायची सवयच नव्हती हो. आमच्या आळीत तोवर वर काही नव्हतंच. बैठी घरं, आणि त्यांच्या वर आभाळ.

माडीवर गिरगावातून आलेलं एक तरुण जोडपं राहायला आलं. ती मुलगी बोलकी होती, सगळ्यांशी ओळखी करून घ्यायला उत्सुक. श्रावणातल्या शुक्रवारी भटजींकडे हळदीकुंकू होतं. आम्ही सगळ्या जमलो होतो. काकू अर्थातच नव्हत्या. अशा ठिकाणी त्यांना बोलावत नसत. हाताला अत्तर लावून घेता घेता ती मुलगी कौतुकाने म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या काकूंचे केस काय दाट आहेत हो ह्या वयात! दुपारी उन्हात बसतात ना, मी बघतच राहते. माझी आई तर ह्या वयात गंगावन लावायची!" आणि हसली.

ती एकटीच हसली. भटजींच्या बायकोचा हात कुंकवाच्या करंड्यावर तसाच राहिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून फुटाण्यांचा विषय काढला. तो कुणी उचलला नाही.

दोन दिवसांनी भटजी काकूंच्या परसाशी आले. मी माझ्या बाजूला होते. ते मला बघून थबकले, पण गेले नाहीत. माणूस वाईट नव्हता. जाफरीकडे पाठ करून उभा राहिला.

"काकू, मी काही बघितलेलं नाही. बघणारही नाही. पण महालय तोंडावर आलाय. लोक मला विचारताहेत. मी काय सांगू?"

आत पाट सरकल्याचा आवाज आला.

"कल्याणहून माणूस बोलावतो. पहाटे येईल, कुणाला कळायचं नाही. एकदाचं करून टाका."

"आणि मग?"

"मग काय? मग सगळं पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखंच तर नको झालंय, भटजी."

त्यांनी उपरण्याने मान पुसली. "अहो, पण खाल काय? आणि मी त्या घरांना काय सांगू? पितरांना काय सांगू?"

"सांगा," काकू म्हणाल्या, "काकू थकल्या."

भटजींनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. मग खाली मान घालून गेले.

महालय आला. घराघरातून वड्यांचा, खिरीचा वास येत होता आणि काकूंच्या चुलीवर पिठलं होतं. त्यांना कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. लोक नुसते बोलवायचे थांबले. माडीवरच्या मुलीला कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा ती धावत खाली आली आणि काकूंच्या दारात उभी राहून रडायला लागली.

"अगं, छानच म्हणालीस ना?" काकू म्हणाल्या. "मग रडतेस काय? इतक्या वर्षांत तसं म्हणणारी तू एकटी निघालीस." आणि तिला आत बोलावून, होतं ते पिठलंभात वाढलं.

मी अर्थातच यादी केली. पापड लाटून देणं, बाळंतिणीची कामं, मुलं सांभाळणं. काकू ऐकत होत्या आणि प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणत होत्या. शेवटी ठाण्याला असलेल्या माझ्या मावसभावाने कळवलं, की तिथल्या मुलींच्या एका वसतिगृहाला स्वयंपाकाला बाई हवी आहे, राहायची सोय तिथेच. मी काकूंना घेऊन गेले. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "पंगतीच्या पंगती उठवता येतील का?"

"पितर जेवले माझ्या हातचे," काकू म्हणाल्या. "मुली जेवतील."

पुढचं थोडक्यात सांगते. काकू आळीत परत राहायला आल्या नाहीत. ठाण्याला माझं जाणं होई तेव्हा भेट व्हायची. त्या कणिक तिंबत असायच्या, मी दारात उभ्यानेच बोलायची. नंतर आम्ही कल्याणला घर घेतलं, मुलं मोठी झाली, भेटी लांबल्या, आणि एके दिवशी त्या गेल्याचं पत्र आलं. त्यांच्या खोलीत आलेल्या बिऱ्हाडाने जाफरीवर दुपटी वाळत घातली होती, तेवढं मला आठवतं.

पण त्याहून स्पष्ट आठवते ती त्यांच्या निघण्याची सकाळ. मी सामान तपासलं. वळकटी, ट्रंक, पितळेचे दोन डबे, देवांची पेटी. टांगा यायचा होता. मी विचारलं, "काकू, काही राहिलं नाही ना?"

"एक राहिलंय." त्या दारातल्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी पदर खांद्यावर घेतला. भर सकाळी, सगळ्या आळीदेखत. "मला बांधता येत नाहीत."

मी बघतच राहिले. मग हिशेब लागला. केस होते त्या वयात आई बांधून द्यायची. स्वतः शिकायच्या आत ते गेले होते.

"तिकडे पोरी असतील," त्या हळूच म्हणाल्या. "केस मोकळे सोडून चुलीशी कसं बसायचं? आणि ह्या वयात त्यांना विचारायचं तरी कसं?"

मी फणी आणली, तेल आणलं, माझे केसांचे आकडे आणले. केसांचे भाग कसे करायचे, पीळ कसा द्यायचा, गुंडाळून आकडे कुठे खोचायचे, ते बांधून दाखवलं, सोडलं आणि त्यांचे हात धरून पुन्हा मागे नेले. वड्याचं पीठ न बघता थापणारी ती बोटं तिथे मागे नुसती चाचपडत होती. पीळ सुटे, आकडा टोचे, खांद्यांना रग लागे. टांगेवाला येऊन उभा राहिला. ओट्यांवर बायका आल्या होत्या. कुणी आत गेलं नाही, कुणी पुढेही आलं नाही.

"आणखी एकदा," काकू म्हणाल्या.

मी आणखी एकदा दाखवलं. मग आणखी एकदा. शेवटचा अंबाडा त्यांनी स्वतः बांधला. लिंबाएवढा झाला, आणि तोही एका बाजूला.

"मान हलवली तर सुटेल का गं?"

"नाही सुटणार."

त्यांनी मान हलवून बघितली. मग पदर डोक्यावर घेतला, सगळ्यांना हात जोडले आणि टांग्यात बसल्या. मी वळणापर्यंत बघत होते. त्यांचा एक हात ट्रंकेवर होता. दुसरा सारखा मानेमागे जात होता, पदरावरून चाचपून बघत होता, खाली येत होता आणि परत जात होता.